जिप्सीच्या मीटरला पुन्हा उजेड: नागपूरच्या उस्तादचं काम, खर्चासकट

ताडोबाच्या जंगलाच्या मोहर्ली गेटवर सफारीच्या रांगेत पहाटे उभ्या असलेल्या जिप्स्यांमध्ये जरा डोकावून बघा. बहुतेकांचं मीटर एक तर काळंकुट्ट असतं, नाहीतर निळ्या-जांभळ्या एलईडीने लग्नाच्या मांडवासारखं पेटलेलं असतं. मला दोन्ही नको होतं. माझी गाडी २०११ ची जिप्सी किंग, वरचं छत काढून सफारीची बॉडी केलेली. या पावसाळ्यात तिचं मीटर नागपूरला नेऊन पूर्ण उघडून घेतलं, लाइट बदलले, जोडीला आतून उजेड असलेले दोन जादा गेज, म्हणजे काट्याची छोटी मीटरं, बसवले. सगळं मिळून ८,४०० रुपये लागले. गेटवरचे चार जण रोज विचारतात म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

ज्यांनी जिप्सी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं. ही गाडी १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये किंग होऊन १३०० सीसीचं इंजिन आलं, २००० मध्ये कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन, आलं. इंजिन सुधारत गेलं, पण ड्रायव्हरच्या समोरचं मीटर जुन्याच वळणाचं राहिलं. स्पीडचा काटा, पेट्रोलचा काटा, हीटचा काटा, बाकी चार-दोन दिवे. इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा नाहीच. शोरूमच्या गाडीत, छताखाली, एवढ्यावर भागतं. पण सफारीची गाडी वर्षभर उघडी. मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन थेट डॅशबोर्डवर, मग जंगलातली लाल माती, मग पाऊस. माझ्या मीटरची काच पिवळी पडली होती, नारिंगी काटे पिठूळ झाले होते आणि मागचे बल्ब जळून-जळून एवढे काळवंडले होते की लाइट चालू आहेत की बंद, हे मीटरवर हाताचा आडोसा धरून बघावं लागायचं.

जंगलात याचा काही त्रास नाही. तिथं वीसच्या वर काटा जातच नाही, आणि उजाडलेलं असतं. त्रास रस्त्यावर. चंद्रपूरहून पाहुणे घेऊन पहाटे निघालं की पद्मापूर सोडल्यावर रस्त्याला दिवा नाही. डुकरं, चितळ, कधी अस्वल, आणि नशीब असेल तर तिकिटाआधीच वाघ. अशा रस्त्यावर नजर बाहेर लागते. मीटर असं हवं की अर्ध्या नजरेत काटा दिसावा आणि डोळा परत अंधारात गेला तर तिथंही दिसावं. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि झगझगीत निळा-पांढरा उजेड ती क्षणात घालवतो. लाल-नारिंगी उजेडाने ती कमी मोडते. बीएमडब्ल्यूवाल्यांनी वर्षानुवर्षं डॅशबोर्डचा उजेड नारिंगी ठेवला, तो काही उगाच नाही. आमच्या इकडचा वायरमन मात्र काहीही सांगितलं तरी निळाच बल्ब काढतो. "भाऊ, हाच चालतो सध्या." काहून चालतो, ते कोणी सांगत नाही. निळे बल्ब टाकलेली मित्राची गाडी मी एकदा पहाटे चालवली आहे. समोरच्या काचेवर मीटरचं निळं भूत उभं राहतं आणि रस्ता त्याच्या पोटातून बघावा लागतो.

तर नागपूर. दुकानाचं नाव असं काही नाही, पत्र्यावर नुसतं 'मीटर रिपेरिंग' लिहिलंय. जुन्या ट्रकची, जीपची, ॲम्बेसेडरची मीटरं भिंतीला टांगलेली, खाली एक लांब टेबल, त्यावर मोटर लावलेलं एक यंत्र आणि भिंग. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर. मला दुकान आवडलं ते एका पाटीमुळे: 'किलोमीटर कमी करून मिळणार नाही'. मीटरवाल्याच्या दुकानात ही पाटी बघितली की अर्धा विश्वास तिथंच बसतो, कारण जुन्या गाड्यांच्या बाजारात या धंद्याची बदनामी त्याच कामामुळे झालेली आहे.

पहिल्यांदा मी विचारलं ते चमकत्या डायलबद्दल. काही वर्षांपूर्वी फार फॅशन होती, अख्खी तबकडीच प्रकाशते, आकडे काळे दिसतात, बल्ब लागतच नाही. उस्तादने कपाटातून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा तसा एक डायल काढला आणि बॅटरीला जोडून दाखवला. दिसायला सुंदर, यात वाद नाही. कागदाएवढा पातळ पत्रा आणि डाग न पडता सगळीकडे सारखा निळसर-हिरवा उजेड. पण सोबत काडेपेटीएवढी एक डबी होती आणि ती बारीक कुईं आवाज करत होती. हा पत्रा बारा व्होल्टवर पेटत नाही. त्याला शंभर व्होल्टच्या आसपासचा, सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होणारा करंट लागतो, तो ती डबी तयार करते. शिवाय आतली प्रकाश देणारी पावडर वापराने थकते. काही हजार तासांत उजेड निम्म्यावर येतो, आणि ओल शिरली की काळे डाग पडतात. उस्ताद म्हणाले, "भाऊ, ये टेबल पे अच्छा दिखता. तुम्हारी गाडी तो खुली है, एक बारिश में मर जाएगा." वर जिप्सीच्या मापाचा डायल कापूनच घ्यावा लागला असता. विषय तिथं संपला.

मग त्यांनी माझं मीटर उघडायला घेतलं. मला बसायला स्टूल दिलं, आणि हे दुकानदाराचं मोठेपण, कारण बरेच कारागीर "संध्याकाळी या" म्हणून वाटेला लावतात. स्पीडोमीटरची केबल मागून दाबून काढली, चार स्क्रू, आणि डबा हातात. मागे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेघा, हीच या मीटरची वायरिंग. जुनी झाली की ती पापडासारखी तडकते, म्हणून ते बल्बचे होल्डर नुसते ओढत नाहीत, आधी हेअर ड्रायरने पट्टी कोमट करतात. दोन ठिकाणी रेघ उठलेली होती, तिथं बारीक वायरचा टाका घातला.

खरी कला काटा काढण्यात. जोर लावला की मागची बारीक दांडी वाकते आणि स्पीडोमीटर कायमचा खोटं बोलतो. उस्तादने आधी पेन्सिलीने डायलवर काटा जिथं टेकतो तिथं खूण केली, मग काट्याच्या दोन बाजूंना दोन चहाचे चमचे उलटे ठेवले, खाली पुठ्ठ्याचे तुकडे, आणि दोन्ही चमचे एकदम दाबले. टक्कन काटा वर आला. नंतर त्याला नारिंगी रंग. एकच हात, तोही पातळ. मी म्हटलं, उस्ताद, दोन हात द्या, टिकेल. तर म्हणाले, रंगालाही वजन असतं, टोक जड झालं की काटा उतारावर झुकल्यासारखा वागतो. काट्याच्या मागे केसाएवढी स्प्रिंग असते, तिला तेवढा भारही कळतो.

आता लाइट. जिप्सीत काचेच्या बुडाचे छोटे बल्ब असतात, उजेडासाठी ३.४ वॉटचे, सूचनेच्या दिव्यांसाठी १.४ वॉटचे. जागेवर बसणारे एलईडी बाजारात पोत्याने मिळतात, पण त्यात दोन गोम आहेत. बल्ब चारी बाजूंना उजेड टाकतो, एलईडी नाकासमोर टाकतो. थेट लावला तर डायलवर एक पांढरा ठिपका आणि कोपऱ्यात अंधार. उस्ताद बाजूने उजेड फेकणारे एलईडी वापरतात आणि डब्याची आतली भिंत पांढऱ्या रंगाने रंगवतात, म्हणजे उजेड आपटून पसरतो. दुसरं, एलईडीला उलटं-सुलटं असतं. उलटा बसला की पेटत नाही, आणि लोक तो खराब समजून फेकतात. फिरवून लावा, पेटतो.

रंग मी पिवळसर, जुन्या बल्बसारखा मागितला. त्यांच्याकडे नव्हता, निळा, हिरवा आणि पांढरा होता. मग पांढऱ्यावर नारिंगी पारदर्शक वार्निश चढवून दिलं. नमुना म्हणून दोन पेटवून, दुकानाचं शटर अर्धं ओढून अंधारात दाखवले, मग बाकीचे केले. गिऱ्हाइकाला अंधार करून दाखवणारा मीटरवाला मी पहिल्यांदाच बघितला.

एक बल्ब मात्र त्यांनी मुद्दाम जुनाच ठेवला: बॅटरी चार्जिंगचा लाल दिवा. कित्येक गाड्यांत अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीला जागं करणारा करंट याच दिव्यातून जातो. तिथं एलईडी लावला की तेवढा करंट जात नाही, आणि गाडी चालू होऊनही आयडलला चार्जिंग सुरू होत नाही, रेस केल्यावर होतं. घरी बसून सगळेच्या सगळे बल्ब एलईडी करणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं, नाहीतर चूक मीटरची आणि बदली होणार अल्टरनेटरची.

मंद-प्रखर करायला त्यांनी वेगळा छोटा डिमर बसवला. जुन्या गाड्यांतला गोल फिरवायचा रेझिस्टर एलईडीवर जवळजवळ निकामी ठरतो, कारण एलईडी करंटच एवढा थोडा खातात की त्याच्यावर काही अडतच नाही. नवा डिमर उजेड सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून कमी भासवतो. पहाटे मी तो अगदी खाली ठेवतो, आकडे दिसतील-न दिसतील इतका, आणि तेवढा पुरतो.

पेट्रोलचा काटा हे माझं जुनं दुखणं. टाकी फुल असताना पाऊणवर, आणि हीटचा काटाही नेहमीपेक्षा खाली. दोन्ही काटे एकत्र चुकत असतील तर टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) सोडा आणि मीटरच्या आत बघा, असं उस्ताद म्हणाले. या जुन्या गेजना गाडीचे बारा-चौदा व्होल्ट थेट मिळत नाहीत. आत एक स्टॅबिलायझर असतो, तो सातच्या आसपास स्थिर पुरवठा करतो, म्हणजे बॅटरी वरखाली झाली तरी काटा हलू नये. माझा तोच थकला होता. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक टाकला, दोन्ही काटे जागेवर आले. गावात याच कामासाठी एकाने मला टाकी उतरवायला सांगितली होती!

स्पीडोमीटर त्यांनी त्या मोटरवाल्या यंत्रावर लावला. जपानी वळणाच्या मीटरला केबल मिनिटाला ६३७ फेरे फिरली की काटा ६० वर यायला हवा. माझा ५५ दाखवत होता. आत फिरणारं चुंबक असतं, ते ॲल्युमिनियमच्या वाटीला न शिवता ओढतं आणि स्प्रिंग तिला मागे खेचते, एवढाच सगळा खेळ. वर्षांनी चुंबक सैलावतं. त्यांनी स्प्रिंगचा ताण बदलून काटा जुळवला. मग विचारलं, टायर कुठले? कंपनीचे २०५/७० आर१५ जाऊन माझ्याकडे २१५/७५ आहेत. टायर मोठा म्हणजे केबल तेवढ्याच अंतराला कमी फिरते, साधारण पाच टक्के. काटा ६० म्हणेल तेव्हा गाडी ६३ ने जात असेल. तेही धरून जुळवून दिलं. किलोमीटरचे आकडे मात्र थेट केबलच्या गिअरवर चालतात, ते स्प्रिंगने सुधरत नाहीत, म्हणजे माझे किलोमीटर थोडे कमीच पडत राहणार. हे त्यांनी आपणहून सांगितलं.

आता जोडीचे दोन गेज, ५२ मिलिमीटरचे: ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. या गाडीत ऑइलचा नुसता लाल दिवा असतो आणि तो पेटेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. गेज मी आधीच ऑनलाइन मागवून नेले होते. उस्तादने पहिल्यांदा ऑइल प्रेशरचा सेन्सर हातात घेतला, गेज नाही. किटमधल्या सेन्सरचे आटे अमेरिकन पद्धतीचे होते, इंचात २७. सुझुकीच्या इंजिन ब्लॉकचे इंचात २८, आणि आट्याच्या दाताचा कोनही वेगळा. दोन-तीन फेरे गोड जातात, मग अडतात, आणि इथंच माणूस पान्हा लावतो. जिप्सीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे राजेहो. आटे गेले की काम मीटरवाल्याचं राहत नाही. त्यांनी शेजारच्या लेथवाल्याकडून जोडणीचा तुकडा करून आणला, त्यावर टी (तीन तोंडांची जोडणी) लावली, म्हणजे जुना लाल दिवाही चालू राहिला. माझ्या मते सगळ्या कामात पैसे सर्वांत जास्त इथं वसूल झाले.

व्होल्टचं गेज मला आधी शोभेचं वाटलं होतं, पण रोज तेच बघितलं जातं. गाडी बंद असताना साडेबारा, चालू असताना चौदाच्या आसपास. पाणवठ्यावर तासभर इंजिन बंद ठेवून वाघाची वाट बघायची असेल तर सेल मारण्याआधी या काट्याकडे नजर टाकावी. सहा पाहुण्यांना जंगलात खाली उतरवून धक्का मारायला सांगता येत नाही.

आता तक्रारी. पहिली, वेळ. "उद्या देतो" म्हणजे उद्या नाही, हे धरूनच जा. पावसाळ्यात जंगलाचा आतला कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो म्हणून मला परवडलं. सीझनमध्ये फक्त मंगळवारची सुटी हातात असते, तेव्हा हे काम काढू नका. दुसरी, फोन उचलत नाहीत. तिसरी, डिमरचं बटण गुडघ्याला लागेल असं बसवलंय. मी सांगूनही तिथंच बसवलं, "वायर छोटी पड़ती" हे कारण. चौथी जरा गंभीर: नवी काच म्हणून जो पारदर्शक तुकडा लावला तो ॲक्रिलिकचा आहे आणि कंपनीच्या काचेसारखा आत वळलेला नाही, सपाट आहे. दुपारी आभाळ त्यात दिसतं आणि काटा शोधावा लागतो. जुनीच काच घासून पॉलिश केली असती तर बरं झालं असतं, आणि तुम्ही गेलात तर तसंच करायला सांगा. गेजचा स्वतःचा उजेडही पांढरा आहे, मीटरचा नारिंगी. दोन शेजारी दोन वेगळ्या भाषा बोलतात. तेवढं वार्निश मी घरी आणून लावणार आहे.

खर्च असा: मीटर उघडणं, रंग, पट्टीची दुरुस्ती, स्टॅबिलायझर आणि काटे जुळवणं ३,२००, लाइट आणि डिमर १,१००, दोन गेज २,९००, लेथचं काम आणि बसवणावळ १,२००. पक्कं बिल नाही, वहीच्या कागदावर आकडे. वॉरंटी म्हणजे उस्तादचा शब्द. डब्याच्या कडेला त्यांनी सिलिकॉन भरलंय, आणि एवढ्या पावसात उघडी गाडी उभी राहूनही आत वाफ धरलेली नाही.

ज्यांना फक्त उजेड वाढवायचा आहे त्यांनी नागपूर गाठायची गरज नाही. बाजूने उजेड फेकणारे बल्ब घ्या, चार्जिंगचा दिवा सोडा आणि गावातल्या वायरमनकडून बसवून घ्या. काटे चुकत असतील, डायल विटले असतील किंवा गेज बसवायचे असतील तरच उस्तादकडे जा. गाडी घेऊनच जा. नुसतं मीटर काढून नेलं तर ते जुळवतील, पण पेट्रोल आणि ऑइलचे काटे गाडीवर बसवल्याशिवाय तपासता येत नाहीत. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, आणि सकाळी अकराच्या आत जाऊन उपयोग नाही.